दहा पावलं मागे

आमच्या गटाला दर वर्षी एखादा पाहुणा लाभतो. तो पांढऱ्या काठ्या वाटतो, फोटो काढून घेतो आणि ‘तुमच्याकडे अंतर्दृष्टी आहे’ असं सांगून गाडीत बसतो. मला अंतर्दृष्टी नको, मोकळा फुटपाथ हवा आहे. हे मी एकदा माइकवर बोलले, तेव्हापासून आभार मानायचं काम माझ्याकडून काढून घेतलं.

विश्रांतवाडीत एका विहाराच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी आम्ही पंधरा-वीस अंध आणि अल्पदृष्टी माणसं जमतो. गट चालवणारे सर जन्मांध, निवृत्त शिक्षक. त्यांची पद्धत अशी की जुन्या माणसाने नव्याला त्याचा रोजचा रस्ता शिकवायचा. परीक्षेच्या दिवशी नवा पुढे, जुना दहा पावलं मागे. जिवावर बेतल्याशिवाय मागच्याने तोंड उघडायचं नाही. आणि दोघांच्याही हातात काठी उघडी पाहिजे.

या शेवटच्या अटीत मी लबाडी करत होते. मला नळीतून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, कडेचं काहीच नाही. हॉलमध्ये काठी उघडायची, वारज्याला बहिणीकडे जाताना उघडायची आणि आमच्या भागात आलं की घडी करून पर्समध्ये. इथे मला तीस वर्षं लोक ओळखतात. त्यांचं ते ‘अरेरे’ मला नको होतं.

माझ्या वाट्याला तिशीतली एक बाई आली होती. दोन वर्षांपूर्वी तिची नजर पूर्ण गेली. सरकारी कचेरीत टेलिफोनवर बसायची. नवरा गाडीवरून सोडायचा, पण त्याची पाळी बदलली आणि सासूबाईंनी निकाल देऊन टाकला, ‘आता पुरे झालं, घरीच राहा.’ ही हट्टी. शनिवारी घरापासून बसस्टॉपपर्यंत एकटी येऊन दाखवते, असं तिने नवऱ्याला सांगितलं. तो स्टॉपवर उभा राहणार होता. पोचली तर नोकरी, नाही तर राजीनामा.

शनिवारी ती छान निघाली. रस्ता आमच्याच भागातला, म्हणून मागे माझी काठी पर्समध्ये. पिठाची गिरणी ओलांडली, दवाखान्याचा उतार ओलांडला. पुढे फुटपाथवर दुचाक्या लावलेल्या, जणू फुटपाथ त्यांच्यासाठीच बांधलाय. त्यातच कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा बांबू. ती थांबली आणि काठीने अंदाज घेऊ लागली. तेवढ्यात एक गृहस्थ आले, तिचा दंड धरला आणि चालायलाच लागले.

“सोडा, मला पलीकडे नाही जायचं,” ती म्हणत होती.

“घाबरू नका ताई, मी आहे ना.”

तिला रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं आणि हात झटकत परत आले. पुण्य पदरात पडलं. दंड धरून ओढायला बाई म्हणजे काय भाजीची पिशवी आहे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी त्यांना गाठलं.

“अहो, तिला कुठे जायचंय ते विचारलंत का?”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आवाज चढवला. “तुम्हाला दिसत होतं ना सगळं? मग मागे उभं राहून मजा काय बघत होतात?”

‘मलाही दिसत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून मी बाकी सगळं म्हणाले. त्यांचं शिक्षण काढलं, घरचे संस्कार काढले. बघायला चार माणसं जमली.

आमचं भांडण चालू असताना ती पलीकडे गाड्यांचा आवाज ऐकत उभी होती. सिग्नलला गाड्या थांबल्या तशी काठी पुढे धरून एकटी परत आली, दुचाक्यांना वळसा घातला आणि स्टॉपवर पोचली. नवऱ्याने घड्याळ पाहिलं. “जमतंय की,” म्हणाला. तिची नोकरी वाचली.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांची गोष्ट रंगवून सांगणार होते. त्याआधीच ती उठून बोलली.

“सर, कचेरीकडचा रस्ता शिकायला मला दुसरी जोडी द्या. रस्त्यात तो माणूस ताईंना ‘तुम्हाला दिसत होतं ना’ म्हणाला, ते मी ऐकलं. म्हणजे त्यांची काठी मिटलेली होती. मला घरातले रोज सांगतात, काठी नको, लोक बघतात. तेच मी इथे येऊन शिकू का?”

मला तिचा असा संताप आला की कानशिलं तापली. चार आठवडे माझे रविवार हिच्यासाठी घालवले, त्याचं हे फळ.

सरांनी तिला दुसऱ्या माणसाचं नाव दिलं. मग माझ्या दिशेला तोंड करून विचारलं, “आणि तुम्हाला कोण शिकवणारं बघू?”

“मला काय झालंय?” म्हणून मी तणतणत जिना उतरले. खाली डोळ्यांवर ऊन आलं आणि समोरचं पांढरंफटक झालं. आवारात कुणीतरी “जय भीम, ताई” म्हणालं. तीस वर्षांच्या ओळखीतलंच कुणीतरी असणार. मला चेहरा दिसेना, आणि कोण आहे ते विचारायची लाज वाटली. मी नुसती हसले. ते माणूस निघून गेलं.

मी परत वर गेले. “बघा कुणीतरी,” सरांना म्हणाले. आवाज अजून चढलेलाच होता.