डाव्या हाताचा घास

ज्या मुलाच्या उजव्या हातावर आमच्या गावच्या बेसबॉल टीमचा अख्खा सीझन उभा होता, त्याला मी डाव्या हातानं जेवतोस म्हणून दटावलं. एकदा नाही, दोनदा. आणि वर स्वतःवर खूशही झाले. आज सत्तरी ओलांडल्यावर त्या पन्नाशीतल्या बाईकडे बघते तेव्हा वाटतं, हिचा चष्मा कायम कपाळावरच राहिला, डोळ्यांवर कधी आलाच नाही.

ओहायोतलं आमचं गाव लहान आणि टीमही खालच्या पायरीवरची. मोठ्या टीमला पुढे लागणारी पोरं तिथे घडवतात. पगार इतका तुटपुंजा की त्यांना खोलीचं भाडं परवडत नाही, म्हणून गावातली कुटुंबंच एप्रिल ते सप्टेंबर त्यांना घरी ठेवून घेतात. आमची मुलगी शिकायला कॅलिफोर्नियाला गेली होती. तिची खोली रिकामी होती, आणि कुणाला तरी वळण लावल्याशिवाय मला करमत नव्हतं. मी फोन उचलला आणि एक खेळाडू मागवला, सोफा मागवावा तसा.

आला तो डोमिनिकन रिपब्लिकचा, विशीतला. दारातून येताना मान वाकवावी लागे इतका उंच. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याचं इंग्रजी मोडकं आणि माझं शाळामास्तरणीचं, त्यामुळे आमचं छान जमलं. राजमा-भात समोर ठेवला तर त्याचे डोळे भरून आले. त्याच्या घरीही असंच काहीतरी शिजायचं. मी त्याला 'काकू' म्हणायला शिकवलं, मग हातातला काटा-चमचा काढून घेतला आणि हातानं जेवायला शिकवलं.

"उजव्या हातानं," मी बजावलं. "आमच्या घरात डावा हात ताटात जात नाही."

"येस, काकू."

पंधरवड्यात तो वरण-भात असा कालवायला लागला की महाराष्ट्र मंडळाची माणसं जेवायला आली म्हणजे मी त्याला मुद्दाम मधल्या खुर्चीवर बसवायची. सर्कशीतला हत्ती दाखवावा तशी.

आमचे हे क्रिकेटवाले. पहिल्या मॅचला शेंगदाणे सोलता सोलता म्हणाले, "अगं, हा कोपरातून झटका देतोय. आपल्याकडे अंपायरनं सरळ नो-बॉल दिला असता. या कोपराचं कसं व्हायचं?"

"त्याच्या कोपराचं त्याला कळतं. तुम्ही शेंगदाणे खा."

मे-जून टीम जिंकतच सुटली. वाणसामानाच्या दुकानातली कॅशियर मला ओळखायला लागली, "तुमच्याकडेच राहतो ना तो?" मी कॉलर नसलेल्या कुर्त्याची कॉलर ताठ करायची. मग बातमी आली की ऑगस्टमध्ये वरच्या टीमची माणसं त्याला बघायला येणार. आवडला तर वरची पायरी. नाही आवडला तर पुढच्या वर्षी बोलावतील की घरी पाठवतील, कुणी सांगावं? घरी आई होती, दोन धाकट्या बहिणी होत्या, आणि फोनवर तो त्यांना एकच वाक्य परत परत सांगायचा. स्पॅनिश मला येत नव्हतं, पण 'ऑगस्ट' कळायचा.

जुलैत उकाडा वाढला, जिंकणं चालूच होतं, आणि घरात काहीतरी बदललं. लोणच्याच्या बरणीचं झाकण तो एरवी दोन बोटांनी उघडून द्यायचा. आता म्हणाला, "अंकलना सांगा." दुधाचा मोठा कॅन डाव्या हातानं उचलायला लागला. केसही डाव्या हातानं विंचरायचा. फ्रीजरमध्ये माझ्या खवलेल्या नारळाच्या पिशव्या मागे सरकल्या आणि पुढे बर्फाच्या पिशव्यांची रांग आली. मी काय केलं? नारळ परत पुढे आणला.

आणि मग तो डाव्या हातानं जेवायला बसला.

मी हलकेच त्या हातावर चापट मारली. "हे काय?"

"सॉरी, काकू." त्यानं हात बदलला. घास तोंडापर्यंत पोचायच्या आधी जरा थांबला. डाळ टेबलावर सांडली.

"घाई नको, नीट जेव," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तो ताटावर बसलाच नाही. मैदानावरच खाऊन आलो, म्हणाला. मग रोजच खाऊन यायला लागला. मी ह्यांच्यापाशी कुरकुरले, "बघा, नाव झालं आणि आपला राजमा नकोसा झाला."

"पातेलं तर सकाळी रिकामं असतं," हे म्हणाले.

"तुम्हीच संपवत असाल."

त्याच महिन्यात टीमनं आम्हा घरवाल्यांसाठी मैदानाच्या मागे पिकनिक ठेवली. पिचिंग कोच, सगळ्या पिचरांचा गुरू, कागदी ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. मोठा भला माणूस. म्हणाला, "मॅडम, झोप, जेवण, सगळं ठीक ना? काही वेगळं दिसतंय का? तो आम्हाला काही सांगत नाही."

मी समोर बघितलं. तो दूर उभा होता, हातात ताट, ताटात काही नाही. आमच्याकडेच बघत होता.

आता बाहेरच्या माणसासमोर आपल्या घरच्या पोराचं वळण बिघडलंय हे सांगायचं? डाव्या हातानं खातो, झाकण उघडत नाही, घरी जेवत नाही? मी पदर नसताना पदर सावरला आणि म्हटलं, "एकदम फर्स्ट क्लास. काळजीच करू नका."

दूर उभ्या त्या पोरानं श्वास सोडल्यासारखे खांदे खाली आणले. मला वाटलं, माझ्यावर किती विश्वास आहे याचा!

ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी जाळीमागच्या खुर्च्यांवर तीन अनोळखी माणसं बसली होती. त्यांच्या हातात चेंडूचा वेग मोजायची यंत्रं. तोच वेग मैदानावरच्या बोर्डावरही दिसतो. क्रिकेटच्या षटकांसारखे त्यांचे छोटे छोटे नऊ डाव असतात. दुसऱ्या डावापासून बोर्डावरचा आकडा उतरायला लागला. मला वाटलं, बोर्ड बिघडला.

"अगं, तो दर चेंडूनंतर कोपर धरतोय," हे म्हणाले.

"डास चावला असेल."

अनोळखी तिघांपैकी एकानं यंत्र मांडीवर ठेवलं. पोरानं टोपी सारखी केली, डाव्या हातानं. मग सगळा जोर एकवटून एक चेंडू टाकला. तो कुठे गेला ते त्यानं बघितलंच नाही. तो मातीकडे बघत होता आणि उजवा हात त्यानं पोटाशी धरला होता, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. कोच धावत गेला. लाऊडस्पीकरवर मजेचं गाणं वाजतच राहिलं, कारण बंद करायला कुणाला सुचलं नाही.

कोपरातला लिगामेंट एका चेंडूनं तुटलेला नव्हता, डॉक्टर म्हणाले. आठवड्यांपासून थोडा थोडा तुटत होता. जुलैत विश्रांती दिली असती तर कदाचित वाचला असता. आता ऑपरेशन, मग वर्षभर थांबायचं, आणि पुढे टाकता येईल की नाही याचं उत्तर कुणीच दिलं नाही. टीमही त्यानंतर हरत हरत मागे पडली.

ऑपरेशनच्या आधीचे थोडे दिवस तो आमच्याकडेच होता, हात झोळीत. पहिल्याच संध्याकाळी मी राजमा-भात कालवला, त्याच्याशेजारी बसले आणि घास त्याच्या तोंडाशी नेला. काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून भरवायला निघाले होते.

त्यानं माझं मनगट हळूच खाली केलं. रागानं नाही. उलट मलाच वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "राहू द्या, काकू, मला डाव्या हातानं येतं. तुम्ही वर झोपायला गेलात की मी रोज इथे असाच जेवायचो."