स्नेहसंमेलनातली गुरगुर

धाडहून बुलढाण्याला कॉलेजात आम्ही दोघी मैत्रिणी एसटीने जायचो. मैत्रिणीच्या मावसभावाने पुण्याहून एक इंग्रजी कॅसेट आणली होती. रविवारी दुपारी तिच्या घरी ती लावली, तर आधी वाटलं टेपचे सेल उतरले. गिटार इतकी संथ आणि जड की एक सूर संपता संपेना. ढोलाचा ठोका पडला की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. मी सेल बदलले. तरी तेच! मग विहिरीच्या तळातून यावा तसा एका माणसाचा घोगरा आवाज आला आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे असंच हाय वं!" मी ओरडलेच. "मुद्दाम असं वाजवून राह्यले!"

तिची आई त्याच वर्षी गेली होती. तिने कॅसेट मागे घेऊन पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी ती त्या आवाजाबरोबर घशातून गुरगुरायला लागली. हजेरीला हिचं 'यस सर' पहिल्या बाकापर्यंतही पोचायचं नाही!

"संमेलनात करू," मी म्हटलं.

"लोक हसतीन."

"हसू दे."

गिटार कुठून आणणार? संमेलनाच्या दिवशी मी पेटीचे खालचे सूर दाबून धरले आणि पायाने स्टेजच्या फळीवर ठोका दिला. तिने तोंड उघडलं. मागून कोणी म्हशीसारखं हंबरलं, सगळा मांडव हसला. ती मात्र थांबली नाही, आवाज आणखी खाली नेला. मी पुढचा ठोका मुद्दाम उशिरा दिला. हळूहळू हसणं विरलं. आम्ही थांबलो तशी मागची पोरं बाकांवर उभी राहून ओरडली, "अजून एक!"

आमच्याकडे दुसरं नव्हतंच. तेच पुन्हा केलं!

तिचे वडील न्यायला आले होते, मांडवाच्या कडेला उभे. ती घाबरत जवळ गेली.

"बाबा, रागावले काय?"

"नाही वं," ते म्हणाले. "तुही माय गेली तवा मले असंच वरडावं वाटे. वरडता आलं नाही."

आई गेल्यापासून बापलेकीत बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं. त्या दिवशी एसटीत मला खिडकीशी बसवून ते दोघं धाड येईपर्यंत बोलत होते, आणि मी आनंदाने समोरच्या सीटवर ठोके देत होते.