तोफेपुढे काढलेले बूट

ज्या साम्राज्याची तुम्हाला चीड आहे, त्याच्या अधिकाऱ्याच्या कबरीवर तुम्ही दसऱ्याचं सोनं ठेवाल? मी ठेवणार नव्हतो. काल सिंगापुरातल्या यिशुन भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये वडिलांनी छापलेली साम्राज्यविरोधी जुनी पत्रकं आवरताना त्यांतून आपट्याचं वाळकं पान पडलं आणि शेजारचे काका आठवले.

काका जहाजावरचे इंजिनियर. त्यांचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात इथेच, इंग्रजांच्या तोफखान्यात गोळे भरायचे. त्यांचा अधिकारी इंग्लंडातल्या एका सुताराचा मुलगा. गणिताच्या जोरावर वर चढलेला, मराठी भाषा जवानांकडूनच शिकलेला. खंडेनवमीला जवान तोफेची पूजा करत, तेव्हा तोही बूट काढून रांगेत शेवटी उभा राही. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडताना त्याने जवानांना आधी मागे धाडलं आणि तोफ शत्रूच्या हाती लागू नये म्हणून ती निकामी करायला एकटा थांबला. तिथेच मारला गेला. आजोबा वाचले ते त्याच्या त्या शेवटच्या हुकमामुळे.

दर दसऱ्याला काका क्रांजीच्या युद्धस्मशानभूमीत जाऊन, चपला काढून त्याच्या कबरीवर पान ठेवत. एकदा मीही गेलो. पत्रकांवरच अक्षरं गिरवलेला मी, दहा पावलांवर हात बांधून उभा राहिलो.

"काका, यानं राज्य टिकवायलाच तोफा डागल्या."

"डागल्या ना! भांड त्याच्याशी. पण क्रांतिकारका, बूट काढून भांड!"

पुढे गुडघे थकले, काका साताऱ्याला परतले. तिथून त्यांनी पाकिटातून पान पाठवलं. दसऱ्याला फोन आला.

"ठेवलंस ना रे?"

"हो, काका."

पान पत्रकांत खुपसलेलं होतं. "आता काळजी मिटली," एवढंच ते म्हणाले. उन्हाळ्यात काका गेले. ते खोटं आता कुणाजवळ कबूल करू?

दसरा अजून लांब आहे, पण थांबवेना. आज सकाळी क्रांजीला गेलो, बूट काढले. गवत ओलं होतं. पान ठेवलं, काकांची माफी मागितली, मग त्या अधिकाऱ्याशी मनसोक्त भांडलो. साम्राज्याचा राग तसाच आहे. पण हा माणूस मला मोठा वाटतो, हे म्हणायला आता जीभ अडत नाही. वर टेकडीवरच्या भिंतींवर, ज्यांना कबरसुद्धा मिळाली नाही त्या जवानांची नावं आहेत. त्यांच्यापुढे मात्र कुणी पान ठेवलेलं दिसलं नाही.

सिंगापुरात असाल तर येत्या दसऱ्याला दोन पानं घेऊन जा. एक तोफखान्याची खूण म्हणून तोफ कोरलेल्या कबरीच्या कुठल्याही दगडापाशी ठेवा, दुसरं त्या भिंतीपाशी, आणि तिथलं एक नाव मोठ्याने वाचा. भांडायचं असेल तर जरूर भांडा. आधी बूट काढा.