मोतीरामची नऊ पोवळी

मोतीरामने समुद्र पाहिलेला नाही. चौपन्न वर्षांत त्याची धाव पश्चिमेला नाशिकपर्यंत, तीही मेहुणीच्या लग्नापुरती. तरी शहरातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अडीच वर्षं तो समुद्रच सांभाळत होता. दोनशे लिटरची काचेची टाकी, तिच्यात मोजून मीठ घातलेलं पाणी, वर निळा दिवा आणि आत बोटाएवढी नऊ जिवंत प्रवाळं. मोतीराम त्यांना पोवळी म्हणायचा. ही बातमी तो राहायचा त्या मुकुंदवाडीत पसरली, तेव्हा मंगळ असलेल्या दोन मुलींचे बाप अंगठीसाठी खडा मागायला त्याच्या घरी येऊन गेले. त्यानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

हुद्द्यानं तो परिचर. सव्वीस वर्षं बाटल्या धुतल्या, टेबलं पुसली, साहेबांच्या सह्यांसाठी जिने चढला. एवढ्या वर्षांत कोणी त्याच्या हवाली जिवंत असं काही केलं नव्हतं. ते केलं प्रेरणानं. ही वैजापूरच्या एका कांदा अडत्याची मुलगी, संशोधनासाठी इथं आलेली. प्रवाळं ठेवायला सरकारी परवानगी लागते. ती मिळवताना दोन वर्षं तिच्या चपला झिजल्या होत्या. परवानगी नऊ तुकड्यांची होती आणि दहावा मिळणार नाही, हे कागदावर लिहिलेलं होतं.

डबा खाता खाता एकदा तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं. पोवळी, त्यांच्या अंगातलं शेवाळ आणि अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे जंतू मिळून गंधकाचं एक रसायन तयार करतात. त्याचा वायू होतो, समुद्रावरून वर जातो, हवेत त्याचे बारीक कण होतात, त्या कणांना धरून वाफेचे थेंब जमतात आणि ढगांना हातभार लागतो. ढग वाढले की ऊन अडतं. हे नेमकं किती होतं आणि त्यानं हवामान किती हलतं, ते अजून कोणालाच ठाम सांगता येत नाही. नऊ पोवळ्यांवरच्या कोणत्या जंतूंचा यात किती हात आहे, एवढंच तिला शोधायचं होतं. मोतीरामनं विचारलं, मग आपल्याकडचा पाऊस सुधारेल का? ती नाही म्हणाली. त्याला ते आवडलं नाही. घरी जाऊन त्यानं बायकोला, सारजाबाईला, सांगितलं की आपल्या हाताखालचे दगड ढग बनवतात. माणसानं एवढं तरी फुगवून सांगावं, त्यात कोणाचं काय जातं?

तेव्हापासून सारजाबाई रोज विचारायची, तुमची पोवळी जेवली का? त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. मोतीराम रोजची बातमी द्यायचा, कोणाचे अन्न पकडायचे बारीक तंतू बाहेर आले, कोण रुसून आत बसलंय.

यंदाच्या मे महिन्यात मोठी जलवाहिनी फुटली. आठवड्यातून एकदा येणारं नळाचं पाणी तीन आठवडे आलं नाही. महाविद्यालयाचं पाणी शुद्ध करायचं यंत्र कोरडं पडलं आणि नेमकी प्रेरणा बहिणीच्या साखरपुड्याला चार दिवस वैजापूरला गेली. उन्हानं टाकीतलं पाणी उडत होतं. उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं, नाहीतर खारटपणा वाढून पोवळी मरतात. मोतीरामनं तिला फोन केला. मांडवातल्या गोंगाटात ती घाईनं म्हणाली, चांगलं शुद्ध पाणी बघून घाला काका, तुम्हाला कळतं सगळं.

त्याला खरंच कळत होतं, आणि मला राग येतो तो इथंच. एखादा आळशी माणूस टँकरचं पाणी ओतून मोकळा झाला असता. यानं विचार केला. टँकरच्या पाण्यात औषध असतं, ते पोवळ्यांना चालत नाही, हे प्रेरणानंच शिकवलेलं. मग शुद्ध पाणी कुठलं? तर सारजाबाईचं. ती पाणी उकळायची, दुपदरी फडक्यानं गाळायची आणि तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवायची. हंडा चिंचेनं घासून लखलखीत. ते पाणी सकाळी अनशापोटी प्यायचं, अशी तिच्या माहेरची रीत होती, आणि पाहुण्याला द्यायचं तर तेच. त्या दिवसांत दोघांनी आंघोळीला एक बादली वाटून घेतली, पण पोवळ्यांसाठी रोज तीन लिटरचा कॅन भरून गेला. चार दिवस.

पाचव्या दिवशी प्रेरणा आली, टाकीवरच्या हवेचा नमुना घेतला आणि यंत्रासमोर बसली. वायू दुप्पट निघाला होता. टाकीपाशी उकडलेल्या कोबीसारखा वास येत होता, त्या वायूचा. ती लहान मुलीसारखी हसली. मोतीरामलाही आनंद झाला. घरच्या पाण्याचा गुण, असं त्याला मनातून वाटलं.

दोन दिवसांनी पहिलं पोवळं पांढरं पडलं. तंतू आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. प्रेरणानं तापमान पाहिलं, मीठ पाहिलं, पंप बदलला. शेवटी पाणी दुसऱ्या विभागात तपासून आणलं. ती कागद हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, पाण्यात तांबं उतरलंय, एवढंसं तांबंही यांना विष असतं. जुन्या पंपाच्या आत तार उघडी पडली असणार, दुकानदाराला सोडणार नाही मी. जिवावर बेतलं म्हणून वायू वाढला होता, असंही ती म्हणाली.

मोतीराम फडकं घेऊन उभा होता. गप्प बसला असता तर दुकानदारावर निभावलं असतं.

"ताई, पंपाचं काय नाय," तो म्हणाला. "पाणी माझ्या घरचं व्हतं. तांब्याच्या हंड्यातलं."

तिनं कागद टेबलावर ठेवला. म्हणाली, "शुद्ध म्हणजे काय, ते मीच सांगायला हवं होतं, काका."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पुढचे सहा दिवस दोघांनी होतं ते सगळं केलं. विकतचं शुद्ध पाणी आणून बदललं, कोळशातून गाळलं, तुकडे वेगळे केले. पोवळी एकेक करून गेली. अंगावरचा मऊ थर सुटून पाण्यात तरंगायचा आणि खाली नुसता दगड उरायचा. नववं गुरुवारी गेलं. प्रेरणानं ते दुप्पट आकडे वहीतून लाल शाईनं खोडले, आणि मोतीरामनं घडलं ते स्वतःच्या हातानं अर्जावर लिहून प्राचार्यांना दिलं. कोणी त्याला काही बोललं नाही.

एवढं सगळं कबूल करणारा माणूस घरी मात्र तोंड उघडू शकला नाही. शुक्रवारी सकाळी सारजाबाईनं विचारलं, पोवळी कशी हायेत?

"बरी हायेत," तो म्हणाला. "वाढायला लागली."

नळाला अजून पाणी नव्हतं. घरात हंडाभरच उरलं होतं. तिनं हंडा वाकवून पुन्हा कॅन काठोकाठ भरला, झाकण घट्ट लावलं आणि त्याच्या हातात दिला.

"आपण आज कमी पिऊ," ती म्हणाली. "लेकरांना कमी पडू देऊ नका."

मोतीराम व्हय म्हणाला आणि कॅन घेऊन कामावर गेला.