जास्तीचं काही नको

माझं माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्याचं. आमच्या घरी वर्षभर यजमान उतरायचे. दूरदूरच्या गावांहून आलेली ती कुटुंबं आमच्याकडंच अंघोळी करायची, आमच्याच चुलीवर पुरण शिजवायची आणि देवीचं दर्शन घेऊन आली की माझ्या वडिलांना हमखास विचारायची, "आप्पा, काय राह्यलं तर न्हाय ना?" आप्पांचं उत्तर ठरलेलं. "दर्शन झालं, ओटी झाली, नैवेद्य झाला. आता जेवा."

अभिषेक, सिंहासनपूजा, गोंधळ हे सगळं होतं, पण ज्याला हौस आहे त्यानं आपण होऊन मागावं, असा आप्पांचा शिरस्ता. त्यातही एक नियम फार कडक. मुलासाठी नवस घेऊन आलेल्या बाईला आपल्या तोंडानं जास्तीचं काही सुचवायचं नाही. "ती न्हाय म्हणू शकत न्हाय," ते म्हणायचे. "जी न्हाय म्हणू शकत न्हाय, तिला इचारूच नये." भाऊबंद त्यांना येडं समजायचे.

ती बाई एक दिवस मीच होणार आहे, हे तेव्हा मला कुठं माहीत.

लग्न करून मी उमरग्याला आले. नवऱ्याचं हायवेला टायरचं दुकान, मी शाळेत शिकवते. मूल होईना, म्हणून सोलापूरच्या एका दवाखान्यात उपचार सुरू केले. गोळ्या, इंजेक्शनं, तपासण्या सगळं पार पडलं. लॅबमध्ये भ्रूण तयार झाले. आता त्यातला एक गर्भाशयात ठेवायचा, त्याआधी बोलायला डॉक्टरांनी बोलावलं. नवरा होताच, सासूबाईही सोबत आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

डॉक्टरीणबाई बोलायला गोड. त्यांच्या पाठीमागची भिंत बाळांच्या फोटोंनी भरलेली. म्हणाल्या, "आता लॅबमधल्या काही ऐच्छिक गोष्टी असतात. भ्रूणाला बाहेरून पातळ कवच असतं. त्याला लेझरनं बारीक छिद्र पाडता येतं, म्हणजे त्याला बाहेर पडायला सोपं जातं. रुजायला मदत म्हणून एक वेगळं द्रवही असतं. बरेच जण घेतात."

आत्याबाई खुर्चीत पुढं सरकल्या. "न्हाय केलं तर?"

"नाही केलं तरी चालतं."

"आन् केलं तर?"

"केलं तरी चालतं."

"मंग करा समदं," आत्याबाई म्हणाल्या. "काय राह्याला नगं."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. आमच्या ओसरीवर उभं राहून बायका हेच म्हणायच्या, अशाच आवाजात, पदर मुठीत धरून. मला भीती वाटत नव्हती असं नाही. भीती वाटत होती, आणि ती समोरच्यांना दिसतेय याचा भयंकर राग आला होता.

मी विचारलं, "माझ्या तपासण्यांत असं काही दिसतंय का, की ज्यामुळं मला हे लागेल?"

डॉक्टरीणबाईंनी माझी फाईल पुन्हा चाळली. बाई सरळ, खोटं बोलल्या नाहीत. "तसं काही नाही. एखाद्या बाईला उपयोग होतही असेल. तुम्हाला होईलच असं मी नाही सांगू शकत."

"मग नको."

नवऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी भर सभेत त्याला चापट मारली होती. आत्याबाई पिशवी उचलून आमच्या आधीच बाहेर पडल्या.

भ्रूण रुजला नाही. मी रडले, पोटभर रडले, शाळेतही जाईना. आणि त्या रडण्यावर गल्लीनं आपल्या कढीला ऊत आणला. उचलली जीभ लावली टाळ्याला. लेझर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्या बायाही सांगू लागल्या की लेझर केलं असतं तर आज पाळणा हलला असता. शिकलेली पोरगी, लई शहाणी, म्हणून असं झालं.

दुसऱ्या खेपेला सोलापूरला जाताना जळकोटला चहाला थांबलो. नवरा कप फिरवत म्हणाला, "ह्या वेळी सगळं घेऊन टाकू. पैशाचं मनावर घेऊ नको. लोक तरी गप बसतील."

"लोकांची तोंडं बंद करायला माझ्या गर्भाला भोक पाडायचं?"

आवाज चढला होता. शेजारच्या बाकावरचे ट्रकवाले वळून बघायला लागले. बघेनात का.

आत्याबाई बशीतला चहा फुंकत होत्या. "अगं, पिल्लाला आतनं चोच मारता येत नसंल, तर बाहेरनं टवका काढून द्यावा लागतोय."

"आणि येत असंल तर?"

हे काही विज्ञान नव्हतं, नुसतं भांडण होतं. पण त्या विचारात पडल्या. बशी खाली ठेवली आणि मुलाला म्हणाल्या, "ऊठ, उशीर व्हतोय. तिला करायचं ते करू दे, पोट तिचं हाय." मग माझ्याकडं वळून, "पर बिघडलं तर माझ्याकडं रडत येऊ नगंस."

"नाही येणार," मी म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, लागतं तेवढंच करा, जास्तीचं काही नको. त्या हसल्या. पाठीमागं भिंतीवरची बाळंही हसत होती.

आप्पा म्हणायचे, ज्याचा नवस फळतो तो पेढे घेऊन परत येतो. ज्याचा फळत नाही तो दुसऱ्या दाराला जातो. म्हणून पुजाऱ्याला वाटत राहतं, आपण केलं की होतंच. त्या भिंतीवर कुणाकुणाचे फोटो नाहीत, हे मी त्या दिवशी मोजायचा प्रयत्न केला. ते मोजता येत नाहीत.

म्हणून दुसऱ्या खेपेला काय झालं, ते मी इथं लिहिणार नाही. गल्लीला माहीत आहे, तेवढं पुरे. मूल झालं म्हटलं, तर तुम्ही म्हणाल, बाई बरोबर होती. नाही म्हटलं, तर म्हणाल, ते लेझर तरी करून बघायचं होतं. मला तुमचे पेढे नकोत आणि तुमचं अरेरेही नको. मी नको म्हणाले तेव्हा पुढचं काहीच घडलेलं नव्हतं, आणि मी तेव्हाच बरोबर होते.