पिंपळाभोवतीचा मोठा फेरा

ईरा, अनय, गाडी पुण्याहून वेळेवर सुटली. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे या प्रवासात वेळेवर असं काही घडलं नाही. सामानाच्या प्रत्येक डागावर मी नावाची चिठ्ठी लावली होती. पोचवायला आलेले तुमचे आजोबा म्हणाले, "माझ्याही कपाळावर एक लाव. चुकून गाडीत राहिलो तर परत पाठवतील."

बनारसला उतरले ती दाट धुक्यात. गंगा तिथे आहे हे ठाऊक होतं, म्हणूनच ती आहे म्हणायची.

आजोबांची थोरली बहीण, म्हणजे तुमची माईआजी आणि माझ्या वन्सं, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत राहते. लग्न होऊन इथे आल्यापासून त्यांची मराठी घरात, हिंदी दाराबाहेर. रागावल्या की दोन्ही एकदम. जाताच त्यांनी हातात कुल्हड (मातीचा पेला) दिला. आत मलइयो (थंडीतला दुधाचा केशरी फेस). तोंडात घातला आणि नाहीसा झाला.

"खाल्लंस का?"

"आत्ता होता खरा," मी म्हणाले.

त्यांच्या दारासमोरच्या चौकात एक पिंपळ आहे. वन्संच्या सासऱ्यांच्या आजोबांनाही तो म्हातारा म्हणूनच माहीत होता. पानगळ अजून लांब होती, पण नदीकडच्या फांद्या पार वाळलेल्या. आणि भिंतीला टेकून संगमरवराच्या लाद्या उभ्या. एका लादीवर अण्णांचं, म्हणजे माईआजीच्या यजमानांचं, नाव कोरलेलं.

"सोमवती अमावस्येला बायका सूत गुंडाळत एकशे आठ फेरे घालतात," वन्सं म्हणाल्या. "खडे टोचतात बिचाऱ्यांना. बुंध्यापर्यंत संगमरवर बसवून टाकते. अण्णांची आठवण राहील."

मला तुमच्याकडचं, परदेशातलं, रेडवुडच्या उंचच उंच झाडांचं जंगल आठवलं. एका आजोबा-झाडाला नमस्कार करायला मी त्याच्याभोवती बांधलेली दोरी ओलांडणार, तेवढ्यात ईरा, तू माझा पदर धरलास. "आजी, पायाखाली त्याची मुळं आहेत. माती दबली की त्यांना पाणी मिळत नाही." हजारो वर्षं उभं असलेलं झाड, आणि त्याला धोका माझ्या चपलांचा! पुढे तू तोडलेल्या जंगलात लावलेली रोपं दाखवलीस. ती म्हातारी झालेली बघायला आपल्यापैकी कोणीच नसणार, हे तू किती सहज म्हणालीस!

"वन्सं, मुळांना श्वास घ्यायला लागतो," मी म्हणाले.

"मग काय, त्यांना नाकं असतात?"

बोलून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुमच्याकडच्यासारखी दोरी बांधायचं ठरवलं, पण बनारसी थाटाची: झेंडूच्या माळांची. काठ्या रोवून, अंतर मोजून, सुरेख गोल केला. आंघोळ करून येते तो गल्लीतल्या सांडाने (मोकाट वळूने) सगळी हद्द खाऊन टाकलेली.

खिडकीतून वन्सं ओरडल्या, "विमल, तुझं जंगलखातं जेवलं!"

दुपारी मात्र त्या पिंपळाखाली येऊन बसल्या. "अण्णा इथेच मुलांना शिकवायचे," त्या म्हणाल्या. "दगडावर नाव टिकतं गं. झाडाचं कुणी सांगावं?"

"झाडच गेलं तर दगड कशाभोवती घालणार?"

शेजारच्या मिसराइन चाची मटार सोलत ऐकत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "और गुरुजी के नाम पर सब लोग पैर रखेंगे?"

वन्सं ताडकन उठल्या. "हाय राम! हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

संध्याकाळपर्यंत लाद्यांचा बाक ठरला, चौकाच्या कडेला. नावावर बसायचंही नाही, म्हणून नाव पाठीच्या लादीवर. दगडासारखी झालेली माती माळ्याने हलक्या हाताने मोकळी केली, शेणखत घातलं, आणि खोडापासून बरंच लांब, सभोवती बांबूचं कुंपण आलं. सांडाला बांबू आवडत नाही, याची खात्री मी आधी करून घेतली.

अमावस्येला बायका चिडल्या. सूत खोडालाच लागायला हवं! मी रेडवुडबद्दल सांगायला तोंड उघडलं, पण वन्संनी मला बाजूला सारलं. कमरेवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "अरे, फेरा बड़ा, तो पुन्न भी बड़ा! जिसको छोटा पुन्न चाहिए, वह घर जाए!"

छोटं पुण्य कुणालाच नको होतं. सूत बांबूंना गुंडाळलं जाऊ लागलं. मी हळूच बाकाकडे निघाले, तर वन्संनी माझा दंड धरला. "कुठे? हद्द तू वाढवलीस ना? चल."

एकशे आठ, आणि सगळे मोठे. त्या नव्या बाकावर सगळ्यांत आधी मीच बसले. पाठ अण्णांच्या नावाला टेकली तेव्हा मनातल्या मनात त्यांची क्षमा मागितली.

आता पुण्याला पोचले आहे. गुडघे अजून बनारसमध्येच आहेत. वाळलेल्या फांद्यांना पालवी फुटलेली नाही, फुटेलच असंही नाही. निघताना मी वन्संना विचारलं, झाड सावरायला किती वर्षं लागतील? "आपल्याला काय करायचंय?" त्या म्हणाल्या. "पोरं येतील, बघतील."

तेव्हा कधीतरी जा, बाळांनो. नमस्कार मात्र कुंपणाबाहेरूनच करा. माईआजी पदर धरत नाही, कान धरते.