बोटभर अंतर आणि आठ शाफ्ट

पाचव्या शाफ्टवरून प्रोब उचलला आणि खडूने त्याच्यावर फुली मारली. सुनील समोर उभा होता. हातात चहाचे दोन ग्लास, दोन्ही गार झालेले.

"नाना, हाबी गेला?"

"गेला."

"पाचच्या पाच?"

"मी काय करू बाबा? मशीन दाखवतंय."

हे 'मशीन दाखवतंय' मी अशा काही ठसक्यात म्हणतो की समोरचा पुढे बोलतच नाही. आयुष्यभर या वाक्यावर मी पोट भरलंय.

माझा धंदा अल्ट्रासॉनिक टेस्टिंगचा. सोप्या भाषेत सांगायचं तर लोखंडाची सोनोग्राफी. लोखंडावर थोडं ग्रीस लावायचं, त्यावर प्रोब टेकवायचा. प्रोब आवाज आत सोडतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो. मध्ये कुठे भेग किंवा पोकळी असली, तर तिथूनच आधी परत फिरतो आणि स्क्रीनवर एक सुळका उभा राहतो. सुळका लाल रेषेच्या वर गेला की माल रिजेक्ट. सिल्वासा ते दादरा, नरोली, जिथे जिथे जॉब असेल तिथे मी माझी पेटी घेऊन जातो. शेडमधली पोरं मला 'डॉक्टर' म्हणतात. मी त्यांची चूक कधी सुधारली नाही.

सुनील चोपड्याकडचा, मी अमळनेरचा. म्हणजे इकडे परमुलखात भाऊच. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यात लेथ चालवल्यावर त्याने नरोलीत एक शेड भाड्याने घेतली होती. वापीच्या एका कंपनीची आठ शाफ्टची ऑर्डर त्याला मिळाली होती. गिअरबॉक्समध्ये बसणारे मांडीएवढे जाड शाफ्ट, त्याची स्वतःच्या नावावरची पहिली ऑर्डर. माल पास झाला तर पुढचं काम मिळणार. नापास झाला तर शेड सोडून परत कुणाच्या तरी गेटवर पंचिंग करायला उभं राहायचं. हे त्याने मला सकाळीच सांगितलं होतं. त्यावर मी काय म्हणालो ऐका. म्हणालो, "सुनील, तू गाववाला आहेस ते ठीक. पण लोखंडाला गाव नसतं." आज हे वाक्य आठवलं की माझे कान गरम होतात.

आठही शाफ्टवर फुल्या पडल्या.

आता जरा कॅलिब्रेशनचं सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. मशीन पेटीतून काढलं आणि लावलं, असं नसतं. आधी त्याला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. एक, दोष किती खोलीवर आहे. दुसरी, तो केवढा आहे. दुसरीसाठी एक रेफरन्स ब्लॉक असतो. स्टीलचा गोल ठोकळा, डाळीच्या लहान डब्याएवढा. त्याच्या बुडातून बरोब्बर मधोमध एक बारीक भोक पाडलेलं असतं, ते वरपर्यंत येत नाही, आतच संपतं. आपण वरून प्रोब ठेवायचा आणि त्या भोकावरून आलेला सुळका लाल रेषेला टेकेपर्यंत गेन वाढवायचा. गेन म्हणजे टीव्हीचा आवाज समजा. एवढं झालं की मशीनला कळलं, 'या भोकापेक्षा मोठं काही दिसलं तर ओरड.' आणि हा आवाज गरजेपेक्षा वाढवून ठेवला तर? तर मशीन साध्या कुजबुजीलाही बोंबाबोंब म्हणणार. हे मी नव्या पोरांना शिकवतो. पैज लावून शिकवतो!

त्या दिवशी गेन नेहमीपेक्षा फारच वाढवावा लागला होता. हे माझ्या लक्षात आलं होतं बरं का. अगदीच काही आंधळा नाही मी. मी सुनीलला म्हणालो, "केबल थकली माझी. नवी घ्यायला पाहिजे." आणि पुढे गेलो. शेवटी पुन्हा एकदा ब्लॉकवर तपासून बघायचं असतं, तेही बघितलं. सगळं पहिल्यासारखंच आलं. मी खूष.

सुनील म्हणाला, "नाना, एक कापून पाहू?"

"कापायचं कशाला? मशीन..."

"दाखवतंय ना. मंग मलाबी डोळ्यानं दाखवा."

त्याने स्वतःच्या हाताने पाचवा शाफ्ट बँडसॉवर, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीवर, चढवला. मी जिथे खूण केली होती तिथे कापला. कापलेला भाग घासून आरशासारखा केला. मी भिंग लावून बसलो. काही नाही. स्वच्छ, एकजीव स्टील.

"जरा अलीकडे असेल," मी म्हणालो.

त्याने अलीकडे कापला. काही नाही.

"फार बारीक दोष असतात रे. अजून जरासं..."

सुनीलने बँडसॉ बंद केला. "नाना, आते काय भजी तळायची का याची?"

 मी पेटी भरली, घरी आलो आणि वापीच्या कंपनीला रिजेक्शनचा रिपोर्ट ईमेल करून टाकला. आठही नापास. नियम म्हणजे नियम. जेवताना बायको म्हणाली, "चेहरा का असा?" मी म्हटलं, "माल खराब निघाला सुनीलचा." ती म्हणाली, "अरेरे." आम्ही दोघांनी अगदी मनापासून त्याची कीव केली.

दुसऱ्या दिवशी वापीहून कंपनीची क्वालिटी इंजिनिअर आली. कृपा नाव तिचं, माझ्या मुलीच्या वयाची. मराठी छान बोलते, मधूनच गुजराती डोकावते. मला पुन्हा शेडवर बोलावलं होतं. तिने शाफ्ट बघितले, कापलेले तुकडे बघितले आणि म्हणाली, "चौधरीसाहेब, आठेआठ? एवढा खराब माल तर भंगारवाल्याकडे पण नाही मिळत."

"मॅडम, मशीन दाखवतंय."

"हा, पण मशीनला कोणी शिकवलं? तुम्ही माझ्यासमोर एक वेळा कॅलिब्रेट करा ना."

मला राग आला. साहजिक आहे. ही पोरगी शाळेत होती तेव्हापासून मी शाफ्ट तपासतोय. "मी किती वर्षं हे काम करतोय, माहीत आहे का?"

"म्हणूनच तर. मला शिकायला मिळेल," ती म्हणाली. आणि खरंच वही उघडून उभी राहिली. यावर काय बोलणार, कपाळ!

मी ब्लॉक टेबलावर ठेवला. ग्रीस लावलं. प्रोब टेकवला. स्क्रीनवर कालच्यासारखाच मरतुकडा सुळका आला. मी गेन वाढवायला लागलो. वाढवतोय, वाढवतोय. कृपा वाकून ब्लॉककडे बघत होती.

"साहेब, प्रोब मध्ये ठेवा ना. भोक मध्ये आहे."

आणि मी, फिजिक्सचा पदवीधर, लोखंडाचा डॉक्टर, तिला म्हणालो, "मध्ये स्वस्तिक आहे."

बोलून गेलो आणि मग माझे शब्द मलाच ऐकू आले.

 झालं होतं असं की नुकताच दसरा होऊन गेला होता. खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारांची पूजा होते. माझी हत्यारं म्हणजे हीच. मशीन, प्रोब, ब्लॉक पाटावर मांडले होते, झेंडूची फुलं वाहिली होती. ब्लॉकच्या वरच्या बाजूला, गोल गुळगुळीत जागा बघून, मी स्वतः अनामिकेने कुंकवाचं छोटं स्वस्तिक काढलं होतं. अगदी मधोमध. आता आमच्याकडे पूजेचं कुंकू पुसत नाहीत. ते आपलं आपण जायचं. आणि त्याच्यावर ग्रीस फासून प्रोब घासायचा म्हणजे देवाच्या अंगावर पाय देण्यासारखंच. तेव्हा काल माझ्या हाताने, मला न विचारता, प्रोब बोटभर बाजूला ठेवला होता. तिथून भोक नीट दिसणारच नाही. आवाज भोकाला जेमतेम चाटून जात होता. म्हणून सुळका छोटा, म्हणून गेन जास्त, म्हणून सुनीलच्या चांगल्या स्टीलमधली कुजबुज मला बोंब वाटली. आठ वेळा.

"तर मग पुसून टाका," कृपा म्हणाली.

"नको!" मी आणि सुनील एकदमच ओरडलो.

सुनीलकडे मी बघतच राहिलो. ज्या स्वस्तिकाने त्याचा धंदा बुडवायला घेतला होता, त्याचीच बाजू घेत होता माणूस. "पूजेचं आहे ना मॅडम," तो म्हणाला, "आसं कसं पुसायचं?"

"आमच्याकडे पण दसऱ्याला मशीनची पूजा होते," कृपा म्हणाली. "पण आम्ही चांदलो हँडलला लावतो, भई. मीटरच्या काचेवर नाही लावत." चांदलो म्हणजे टिळा.

शेवटी मी ब्लॉकला हात जोडले. मनातल्या मनात माफी मागितली, देवाची आणि थोडी सुनीलचीही. खिशातला धुतलेला रुमाल काढून कुंकू पुसलं, रुमाल घडी करून वरच्या खिशात ठेवला. पुन्हा ग्रीस लावलं आणि प्रोब मधोमध टेकवला.

सुळका स्क्रीनचं छप्पर फोडून वर गेला.

"ओहो," कृपा म्हणाली. एवढंच. बिचारीने हसू दाबलं, ते मला दिसलं.

मी गेन कमी करत आणला. बरंच खाली उतरल्यावर तो नेहमीच्या जागी आला. केबल ठणठणीत होती. मग उरलेले सात शाफ्ट एकेक करून तपासले. लाल रेषेच्या आसपाससुद्धा काही नव्हतं. तळाशी नुसतं बारीक गवत हलल्यासारखं हलत होतं, ते तर सगळ्याच स्टीलमध्ये असतं. सातही पास. पाचव्याचे सुनीलने तुकडे केले होते, माझ्या फुलीमुळे.

कृपा म्हणाली, "सात आत्ता घेऊन जाते. आठवा बनवून पाठवा, मी वर बोलते." मग माझ्याकडे वळली. "साहेब, नवा रिपोर्ट द्या. जुना का बदलला ते पण लिहायला लागेल."

मी लॅपटॉप उघडला. 'केबलमधील दोष' एवढं टाइप केलंसुद्धा. बोटांना सवयच ती. केबल काय बोलणार होती? पण समोर सुनील खडूच्या फुल्या ओल्या फडक्याने पुसत होता. मी ते शब्द खोडले आणि लिहिलं, 'ऑपरेटरची चूक.' कृपाने वाचलं, मान डोलावली आणि टेम्पोवाल्याला हाक मारली.

टेम्पो गेल्यावर मी सुनीलजवळ गेलो.  "आठव्यासाठी लोखंडाचा बार मी आणून देतो," म्हणालो. "वहिनींना सांग, नानाची चूक होती."

सुनीलने नाकातून हसल्यासारखं केलं. "काल रातीच सांगितलं तिले, शेड सोडायची. पेट्या भराया लागली ती. आता तिले सांगू तुमची चूक? तिले नाही पटायचं, नाना. तुमच्यावर भलता भरोसा तिचा."

मग मलाच जावं लागलं. शेडच्या मागे चाळीत त्यांची खोली होती. पत्र्याची पेटी उघडी, अर्धे डबे आत, अर्धे बाहेर. सुनीलच्या बायकोने, ज्योतीने, मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं. कुंकू, भोक, बोटभर अंतर, सगळं. 

"म्हणजे लोखंड चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"अन् यांचं कामबी?"

"एक नंबर."

"मंग काल रातभर हे रडले ते कशाले?"

 मी मान खाली घातली. ती पेटीतले डबे काढून फळीवर मांडायला लागली. जरा जोरातच मांडत होती. चहा विचारला नाही. मीही मागितला नाही.

या धंद्यात असाल तर एवढं लक्षात ठेवा. गेन नेहमीपेक्षा जास्त लागला, तर केबलला शिव्या देण्याआधी आपला हात कुठे आहे ते बघा. आणि तसं बघितलं नसेल, तर दुसऱ्याच्या मालावर फुली मारू नका.